अभोण्याची लेक आणि काळ्या दगडातल्या पायऱ्या

वणीच्या गडावर गेलायत ना? सप्तशृंगी देवी उभ्या कड्याच्या पोटात आहे. अठरा हातांची मूर्ती थेट कड्याच्या दगडातच कोरलेली आहे. गडावरच्या गावापर्यंत गाडी जाते, पण खरा चढ तिथून पुढे! २०१८ पासून तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, म्हणून आजी-आजोबांना बसल्या जागी वर जाता येतं. पण त्याआधी तीनशे वर्षं लोक कसे चढत होते? पायऱ्यांनी! सुमारे ४७० पायऱ्या. आणि त्या १७१० मध्ये करवून घेतल्या उमाबाई दाभाडे नावाच्या एका बाईंनी.

आधी दगडाची गोष्ट, कारण ती जास्त जुनी आहे. हा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत आला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, मग तिसरा! लाव्हा थंड होताना त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे बारीक स्फटिक तयार झाले आणि हाताची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे घट्ट गुंतले. म्हणून हा दगड सहजासहजी फुटत नाही.

आता विचार करा, असा दगड फोडायचा कसा? पाथरवटाच्या हातात छिन्नी आणि हातोडा. काही वेळ घाव घातले की छिन्नीचं टोक बोथट होतं. मग लोहाराने ती भट्टीत लाल तापवायची, ठोकून टोक काढायचं आणि पाण्यात बुडवून कडक करायची. जास्त कडक झाली तर तुटते, कमी झाली तर लगेच वाकते! म्हणजे दगडाच्या कामात पाथरवटाइतकाच लोहारही महत्त्वाचा. शिवाय कोळसा, पाणी, भाकरी, सगळं कड्यापर्यंत माणसांनी नाहीतर जनावरांनी वाहून न्यायचं. त्या कारागिरांची नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, एवढा खर्च करणाऱ्या या उमाबाई कोण? त्या इथल्याच! गडापासून जवळ, कळवण तालुक्यात अभोणा नावाचं गाव आहे. तिथल्या ठोके देशमुखांच्या घरची ही मुलगी. देशमुख म्हणजे परगण्याचा सारा वसूल करणारे, वतनदार, मोठ्या मानाचे लोक. उमाबाईंचं लग्न झालं तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांशी. खंडेराव मोठे लढवय्ये होते. १७१७ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना सेनापतीपद दिलं. म्हणजे पायऱ्या झाल्या तेव्हा उमाबाई सेनापतीच्या पत्नी नव्हत्या, बरं का! तो मान यायला अजून सात वर्षं होती.

त्यांना तीन मुलगे: त्र्यंबकराव, यशवंतराव आणि बाबूराव. मुलीही होत्या. १७२९ मध्ये खंडेराव वारले आणि सेनापतीपद थोरल्या त्र्यंबकरावांकडे आलं. गुजरातची चौथाई, म्हणजे तिथल्या महसुलाचा चौथा हिस्सा, गोळा करण्याचा हक्क दाभाड्यांकडे होता. थोरल्या बाजीराव पेशव्यांनाही त्यात वाटा हवा होता. भांडण विकोपाला गेलं. १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातमध्ये डभोईजवळ दोन मराठी फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि त्या लढाईत त्र्यंबकराव मारले गेले.

नवरा गेलेला, तरणाताठा मुलगा गेलेला. शाहू महाराज स्वतः उमाबाईंची समजूत घालायला तळेगावला आले. सेनापतीपद यशवंतरावांना दिलं, पण ते वयाने लहान. मग कारभार कोणी बघायचा? उमाबाईंनी! पत्रं त्यांच्याकडे यायची, निर्णय त्या घ्यायच्या, फौज त्यांचा हुकूम मानायची. १७३२ मध्ये त्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांना डाकोरला दग्याने मारण्यात आलं, तेव्हा त्याचा बदला घ्यायला उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या. या मोहिमेबद्दल शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे दिले, असं सांगतात.

बाईने असा कारभार बघणं किती वेगळं होतं, ते विलायतेकडे, म्हणजे ब्रिटनकडे बघितलं की कळतं. तिकडेही राजकारण मोठ्या घराण्यांच्या हातात होतं. बापाची लॉर्ड ही पदवी थोरल्या मुलाला मिळायची आणि तो थेट संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्स या सभागृहात जाऊन बसायचा. मुलींना, बायकांना तिथे जागाच नव्हती. १९१९ मध्ये सासरे वारले म्हणून नॅन्सी अॅस्टर यांचे पती लॉर्ड झाले, त्यांची हाउस ऑफ कॉमन्समधली, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहातली जागा रिकामी झाली, आणि ती निवडणूक जिंकून नॅन्सीबाई ब्रिटिश संसदेत बसणाऱ्या पहिल्या महिला खासदार झाल्या. म्हणजे घराण्याचं काम बाईने पुढे चालवायची पाळी तिथेही आलीच, पण उमाबाईंनी कारभार हाती घेतल्यानंतर जवळजवळ १९० वर्षांनी! आणि वडिलांची पदवी वारशाने मिळालेल्या बाईला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायला मिळालं ते थेट १९६३ मध्ये.

उमाबाईंचे शेवटचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशव्यांनी गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा भाग मागितला. उमाबाईंनी नकार दिला आणि पेशव्यांना विरोध करणाऱ्या, छत्रपती घराण्यातल्या ताराराणींची बाजू घेतली. उमाबाईंच्या वतीने पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड लढायला आले, पण १७५१ मध्ये पेशव्यांनी दमाजींना आणि दाभाड्यांनाही कैद केलं. पुढे दमाजी सुटले, त्यांनी पेशव्यांशी गुजरात निम्मं वाटून घेतलं, आणि दाभाड्यांच्या हाताखालचे हे गायकवाड बडोद्याचे राजे झाले. शाळा, ग्रंथालयं काढणारे सयाजीराव महाराज याच गादीवर बसले.

उमाबाई १७५३ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगाव दाभाडे इथे आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल तळेगावला थांबते. अभोणा, गड आणि तळेगाव ही तिन्ही ठिकाणं महाराष्ट्राच्या नकाशावर शोधा आणि रेघेने जोडा. मग गाडी नव्हती, डांबरी रस्ता नव्हता तेव्हा माहेराहून सासरी जायला उमाबाईंना किती दिवस लागत असतील, याचा घरच्यांबरोबर बसून हिशोब करा. बैलगाडी दिवसाला पंचवीसेक किलोमीटर जाते असं धरा.