सगळं ठाऊक असलेला मंत्री

बर्लिनच्या वेडिंग या कामगारवस्तीत १९०७ साली जन्मलेला एरिश मिल्के ऐन तारुण्यात कम्युनिस्ट पक्षाच्या लढाऊ गटात शिरला. ऑगस्ट १९३१मध्ये भर चौकात दोन पोलीस अधिकाऱ्यांना गोळ्या घालून तो मॉस्कोला पळाला. महायुद्ध संपल्यावर परतला, आणि १९५७ साली पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलीस खात्याचा, म्हणजे स्टासीचा, मंत्री झाला. पुढची ३२ वर्षं ती खुर्ची त्याचीच होती.

जेमतेम १ कोटी ६० लाखांच्या त्या देशात १९८९ साली स्टासीचे ९१ हजार पगारी नोकर होते. खबरे त्याहून कितीतरी जास्त. शेजारी, सहकारी, क्वचित घरातलं माणूसही. कागदपत्रांची रांग लावली तर शंभर किलोमीटरच्या पुढे जाईल. मिल्केसाहेबांच्या न्याहारीचंही कार्ड होतं: बशी कुठे, चमचा कुठे, अंडी साडेचार मिनिटं उकडलेली.

एवढं सगळं कळत असून उपयोग काय झाला? ३१ ऑगस्ट १९८९ला मिल्केने आपल्या अधिकाऱ्यांना विचारलं, उद्या १९५३ साली पूर्व जर्मनीत झाला तसा उठाव तर होणार नाही ना? होणार नाही, त्यासाठीच तर आपण आहोत, असं उत्तर आलं. लोक देश सोडून चालल्याच्या खबरा रोज टेबलावर पडत होत्या. पण वरच्याला नकोसं वाटेल ते बोलण्याची तिथे कुणाची प्राज्ञा नव्हती. ती शिस्त मिल्केनेच लावलेली.

नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत कोसळल्यावर चौथ्या दिवशी तो संसदेत उभा राहिला. सभासदांना सवयीने 'कॉम्रेड' म्हणाला, तर एकाने तिथल्या तिथे हरकत घेतली. गोंधळून तो म्हणाला, माझं तर सगळ्या माणसांवर प्रेम आहे. सभागृहात हशा पिकला, तोही टीव्हीवर, सगळ्या देशादेखत. ज्याच्या नावाने लोक आवाज खाली आणत, त्याचा दरारा त्या हशात संपला. डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली.

१९९३ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, तीही १९३१च्या त्या दोन खुनांसाठी. त्या खुनांच्या जुन्या खटल्याचे कागद त्याच्याच तिजोरीत सापडले होते. वयामुळे १९९५ साली सुटका झाली आणि २००० साली तो वारला. स्टासीच्या कारभाराबद्दल मात्र त्याला शिक्षा अशी झालीच नाही. १९९२पासून लोकांना आपापल्या फायली वाचायला मिळाल्या. पाळत ठेवणारा कोण होता हे कळलं, आणि बहुतेकांच्या वाट्याला न्याय आला तो एवढाच.