छापील बुद्धिबळपट कसा वाचावा?

नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत हिकारू नाकामुराला हरवलं, तेव्हा त्याच्याकडे काळी मोहरी होती. छापील पटावर प्रथेप्रमाणे पांढऱ्याची बाजू खाली असते. म्हणून अशा डावाच्या आकृतीत विदितची फौज वर दिसते आणि त्याची प्यादी वरून खाली सरकतात. आपल्या खेळाडूच्या बाजूने विचार करायचा, तर ही दिशा आधी पक्की हवी.

आता घरं पाहू. डावीकडून उजवीकडे ए ते एच अशा आठ उभ्या पट्ट्या आणि खालून वर १ ते ८ अशा आडव्या ओळी. डाव्या कोपऱ्यातलं ए१ हे घर काळंच असतं. ते पांढरं दिसलं, तर आकृती चुकलेली आहे.

खिळ्यांच्या छपाईत एका घराला एक खिळा लागे. मोहऱ्यांचे प्रकार सहा, त्यांचे रंग दोन आणि घरांचे रंग दोन, असे २४ खिळे. शिवाय रिकामं पांढरं आणि रिकामं काळं घर धरून एकूण २६ प्रकार. शाई एकच काळी, त्यामुळे काळी घरं तिरप्या रेघांनी दाखवत. रेघांत मोहरा हरवू नये म्हणून त्याच्याभोवती कोरी कड ठेवत. संगणकावरच्या बुद्धिबळ फाँटमध्येही हीच रीत आहे: एका कळीला एक घर.

मात्र चित्रात सगळं मावत नाही. राजा आणि हत्ती मूळ घरी दिसले, तरी राजा एकदा हलून परत आला असेल तर कॅसलिंगचा (दोघांना एकाच चालीत हलवण्याचा) हक्क गेलेला असतो. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश पत्रकार डेव्हिड फोर्सिथ यांनी पट अक्षरं-आकड्यांत लिहिण्याची पद्धत रुळवली: मोहऱ्याला अक्षर, सलग रिकाम्या घरांना आकडा. पुढे स्टीव्हन एडवर्ड्स यांनी संगणकासाठी तीत चाल कोणाची, कॅसलिंगचे हक्क आणि चालींची मोजणी यांचीही भर घातली.

यातली सर्वांत मोलाची नोंद म्हणजे चाल कोणाची. पांढरा राजा डी६ वर, पांढरं प्यादं ई६ वर आणि काळा राजा डी८ वर मांडून पाहा. चाल काळ्याची असेल, तर त्याच्या राजाला बाजूला व्हावं लागतं, प्याद्याचा वजीर होतो आणि काळा हरतो. चाल पांढऱ्याची असेल, तर काळा अचूक खेळून बरोबरी साधतो. म्हणून आकृतीखालची ‘काळ्याची चाल’ ही ओळ मोहऱ्यांच्या आधी वाचावी.