तिसरी सर्व्हिस फ्री, मग १२,३७० रुपये कशाचे?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय गाडीवाल्यांचा आहे, पण तुमच्याकडे आत्ता गाडी नसेल तरी ऐका. कारण घरात कुणीतरी गाडी घेतं, आणि मग "तुला मोबाईलमधलं कळतं ना, जरा बघ हे सर्व्हिस सेंटरवाल्यांनी काय पाठवलंय" असं म्हणत ते एस्टिमेट तुमच्याच हातात येतं.

आपल्या एका श्रोत्याने नाशिकहून मला असंच एक एस्टिमेट व्हॉट्सॲपवर पाठवलं. गाडी त्याच्या वडिलांची. साधी पेट्रोल हॅचबॅक, घेऊन अकरा महिने झालेले, मीटरवर ९,४०० किलोमीटर. तिसरी फ्री सर्व्हिस. आणि खाली टोटल १२,३७० रुपये. सोबत त्याचा एकच प्रश्न: "फ्री म्हणजे काय मग?"

तर आधी तेच. फ्री असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, वॉशर असं जे जे गाडीत नवीन पडतं, त्याचे पैसे आपण देतो. आणि त्या मजुरीचेही पैसे कुणीतरी देतंच, डीलरला ते कंपनीकडून मिळतात. मारुतीचं उदाहरण घेऊ. पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटर किंवा १ महिना, दुसरी ५,००० किंवा ६ महिने, तिसरी १०,००० किंवा १ वर्ष, यात जे आधी होईल ते. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात. पहिल्या दोन वेळा पेट्रोल गाडीत बहुतेक तपासणीच असते: कुठे गळती आहे का, नट-बोल्ट घट्ट आहेत का, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी, टायरमधली हवा. एवढ्या कामाचं बिल हजारोंत जायला काही कारणच नाही. खरा पहिला खर्च येतो तो वर्षभराने, इंजिन ऑइल बदलताना.

आता ते एस्टिमेट बघू. इंजिन ऑइल साडेतीन लिटर, १,८२० रुपये. ऑइल फिल्टर ११०. ड्रेन प्लगचा वॉशर २०. झाले १,९५०. त्याच्याकडून मी ओनर्स मॅन्युअलमधल्या मेंटेनन्सच्या तक्त्याचा फोटो मागवला. १०,००० किलोमीटरच्या रकान्यात "बदला" असं फक्त ऑइल आणि ऑइल फिल्टरपुढे लिहिलेलं. बाकी सगळीकडे "तपासा".

उरलेले १०,४२० रुपये कशाचे? एअर फिल्टर ३४०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९५०, एसी डिसइन्फेक्शन ८५०, इंजेक्टर आणि थ्रॉटल क्लीनिंग १,४५०, इंजिन डीकार्बनायझिंग १,८५०, इंटिरियर एन्रिचमेंट १,२०० (हे "एन्रिचमेंट" म्हणजे व्हॅक्युम, शॅम्पू आणि डॅशबोर्डला पॉलिश), अंडरबॉडी अँटी-रस्ट कोटिंग ३,६०० आणि "कन्झ्युमेबल्स" १८०.

या दोन गटांत एक फरक आहे. ऑइल आणि फिल्टर या वस्तू आहेत. त्यांना एमआरपी असते, पार्ट नंबर असतो, बाहेर चौकशी केली की लगेच कळतं आपण जास्त देतोय का. "ट्रीटमेंट"ला एमआरपी नसते. ३,६०० का, २,००० का नाही, याला उत्तरच नाही. म्हणून फुगलेले आकडे बहुतेक वेळा तिथेच सापडतात. तक्त्यातल्या कामांचा दर मला तरी सहसा वाजवी वाटतो. ऑइलमध्ये बाहेरच्या गॅरेजशी शे-दोनशेचा फरक निघेल, त्यासाठी वॉरंटीतली गाडी कुठे दुसरीकडे नेऊ नका.

डीलर हे करतात कारण नवीन गाडी विकून त्यांना फार सुटत नाही. शोरूमचा डोलारा चालतो तो वर्कशॉप, इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजवर. तुमच्यासमोर टॅब घेऊन उभ्या असलेल्या ॲडव्हायझरला या ट्रीटमेंट्सचं टार्गेट असतं. त्यांच्या भाषेत व्हीएएस, म्हणजे व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस. तो पोरगा वाईट नसतो, त्याचा इन्सेंटिव्ह त्यावर असतो. म्हणून त्याच्याशी भांडायचं नाही, फक्त प्रश्न नीट विचारायचे.

आता एकेक ट्रीटमेंट.

डीकार्बनायझिंग आणि इंजेक्टर क्लीनिंग. या गाडीत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडतो, म्हणजे चालता चालता ते व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. साडेनऊ हजार किलोमीटर चाललेल्या अशा इंजिनात काढण्यासारखा कार्बन साठलेला नसतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि पुढे कधीतरी कार्बनचा त्रास होऊ शकतो. पण तोही पहिल्या वर्षात नाही. गाडी उभी असताना आरपीएम वरखाली होतोय, धक्के मारतेय, चेक इंजिनचा दिवा लागलाय, असं काही असेल तर तपासायला सांगा. आणि वॉरंटीत असं झालं, तर आधी तो वॉरंटीचाच विषय आहे.

एसीचा वास. एसी चालू असताना आतल्या कूलिंग कॉइलवर पाणी जमतं, ते ओलंच राहिलं की कुबट वास येतो. फेस मारून तो काही दिवस जातो आणि परत येतो. त्यापेक्षा पोहोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. यूट्यूबवर आपल्या मॉडेलचा व्हिडिओ बघा, दहा मिनिटांचं काम. आत सुकलेली पानं आणि धूळ बघून तुम्हालाच काय ते कळेल.

अंडरबॉडी कोटिंगवर जरा थांबतो, कारण इथे गाव बदललं की उत्तर बदलतं. आजकालच्या गाडीची पूर्ण बॉडी कारखान्यातच गंजरोधक प्रायमरच्या टाकीत बुडवून काढलेली असते. नाशिकच्या हवेत एका वर्षाच्या गाडीला आणखी थराची गरज मला दिसत नाही. पण गाडी रत्नागिरी-मालवणला समुद्राजवळ उभी राहत असेल, किंवा पावसाळाभर चिखलातून जात असेल, तर विचार करायला हरकत नाही. तेव्हाही काम करताना स्वतः उभे राहा. दारांच्या आणि बॉडीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात. कुणी घाईत त्यावरच फवारा मारला तर पाणी आत अडकतं, आणि गंज थांबवायचा म्हणून पैसे देऊन आपण गंजाची सोय करतो.

अलाइनमेंट मात्र मी करायला सांगितलं. गाडी डावीकडे ओढत होती, असं तो स्वतःच म्हणाला होता, आणि आपल्या रस्त्यांवर वर्षभरात एखादा मोठा खड्डा लागतोच. एअर फिल्टर तपासायला सांगितला, तो चांगला निघाला. "कन्झ्युमेबल्स"मध्ये नेमकं काय, असं विचारल्यावर ती ओळ आपोआप गेली. शेवटचं बिल झालं २,९००.

बाबा लोक मात्र अशा वेळी म्हणतात, "करून टाक रे, नवीन गाडी आहे, पहिल्यांदाच काळजी घेतलेली बरी." ही सवय उगाच आलेली नाही. प्रीमियर पद्मिनीच्या काळात कार्ब्युरेटर साफ करावा लागायचा, पॉइंट सेट करावे लागायचे, टॅपेट ॲडजस्ट करावे लागायचे, ग्रीसिंग असायचं. नवीन इंजिन घासून बसायला वेळ लागायचा आणि ऑइलमध्ये धातूचा कीस यायचा, म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलणं शहाणपणाचं होतं. त्यातलं बहुतेक आजच्या गाडीत राहिलेलंच नाही. पण "लवकर केलेलं बरं" हे मनात राहिलं, आणि एस्टिमेट नेमकं त्यावर चालतं.

"ऑइल बघा सर, काळं झालंय" हे वाक्यही त्यातलंच. ऑइलचं कामच आहे काजळी स्वतःत धरून ठेवणं. डिझेल गाडीत तर ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसतं. रंगावरून ते खराब ठरत नाही.

आता दुसरी बाजू. कधीकधी डीलरचं "लवकर करा" खरं असतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन तक्ते असतात, एक नेहमीच्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. रोज घर ते स्टेशन दोन किलोमीटर, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू, सतत धूळ, हे सगळं "कठीण" मध्ये येतं. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, ओल आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये राहतं. ठाण्यात घोडबंदर रोडला अडकलेली गाडी मीटरवर किलोमीटर दाखवत नाही, पण ऑइल वापरतच असते. तसंच, वर्षभरात तीन हजारच किलोमीटर झाले म्हणून ऑइल टाळू नका, वर्ष झालं की बदलायचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेही तक्त्यात सांगितलं असेल तेव्हा बदला, साधारण दोन वर्षांनी येतं. सगळंच नाकारणारा ग्राहक डीलरपेक्षा स्वतःचंच जास्त नुकसान करतो.

मग वॉरंटी. "हे नाही केलं तर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल" असं ऐकवतात. तक्त्यातली सर्व्हिस चुकवली तर खरंच येऊ शकतो, म्हणून ती वेळेवर करा आणि बिलं जपून ठेवा. पण तक्त्यात नसलेली ट्रीटमेंट नाकारली म्हणून वॉरंटी जात नाही. कुणी तसं म्हणालं तर "हे जॉब कार्डवर लिहून द्या" एवढंच म्हणा. या विषयावर मोठा खटलाही झालाय. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं आणि बाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द अशा अटी. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असं आयोगाने सांगितलं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, दंडावर बरीच लढाई झाली. तरी वॉरंटी असेपर्यंत तक्त्यातली कामं अधिकृत ठिकाणीच करावीत असं माझं मत आहे. सिस्टिममध्ये नोंद राहते, पुढे वाद घालावा लागत नाही.

गाडी द्यायला जाल तेव्हा मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. मारुती, ह्युंदाई यांच्या वेबसाइटवर सर्व्हिसचा अंदाजे खर्च मॉडेलनुसार बघता येतो, तोही आदल्या रात्री बघून जा. काउंटरवर म्हणा, "दादा, शेड्यूलमध्ये आहे तेवढंच करा. वेगळं काही लागलं तर आधी फोटो पाठवा, मग बोलू." हे जॉब कार्डवर लिहिलेलं बघूनच सही करा, कारण दुपारी बाराला "सर, गाडी लिफ्टवर आहे, करू का?" असा फोन येतो आणि मीटिंगमध्ये माणूस "करा करा" म्हणून टाकतो.

बिल आलं की ऑइलचे लिटर बघा. वर्कशॉपमध्ये ऑइल बॅरलमधून काढतात, त्यामुळे इंजिनात साडेतीन लिटर मावत असताना चार लिटरचं बिल लागू शकतं. ग्रेडही मॅन्युअलशी जुळवा, ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर तेच हवं. जीएसटीची ओळ बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. काही बदललं असेल तर जुना पार्ट दाखवायला सांगा. न विचारता काम करून पैसे लावले आणि मॅनेजरशी बोलूनही सुटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करताना जॉब कार्ड आणि बिल दोन्ही हाताशी ठेवा, ॲडव्हायझरशी झालेलं व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुमचं एस्टिमेट वेगळं, त्यावर वेगळा एपिसोड करू. तुमच्याकडे कुठलंही असं एस्टिमेट आलं असेल तर गाडीचा नंबर आणि नाव झाकून पाठवा, सोबत मॅन्युअलच्या तक्त्याचा फोटोही. भेटू पुढच्या शुक्रवारी.