गालात मावेल तेवढी बेगमी

अमेरिकेच्या पूर्व भागात ट्यूलिपचे कंद ऑक्टोबरात लावतात. सकाळी वाफा नीट करून ठेवावा, तर दुपारपर्यंत त्यात जागोजाग खळगे पडलेले असतात आणि कडेला कंदाची कागदासारखी तपकिरी सालं. भरदिवसा असं झालं की संशय चिपमंकवर जातो. रात्रीतून उकरलं असेल तर चोर दुसरा, कारण चिपमंक रात्री बाहेर पडत नाही.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत त्याला आधी ‘खार’च म्हटलं जातं. नातं खरंच आहे, दोघं एकाच कुळातले. मात्र आपल्या खारीचे पट्टे पाठीवर. चिपमंकचे चेहऱ्यावरही, डोळ्याच्या वर-खाली. आपली खार झाडावर घरटं बांधते, हा जमिनीत बीळ खणतो. डिस्नेचे चिप आणि डेल हे याच जातकुळीचे.

वजन जेमतेम शंभर ग्रॅम, पण त्याला खाताना पाहावं! ओकचं फळ पुढच्या पंजांत धरायचं, फिरवायचं, गालाच्या पिशवीत सारायचं, लगेच दुसरं उचलायचं. बघता बघता तोंड दुप्पट रुंद दिसू लागतं. बिळाची मातीही तो याच पिशव्यांतून दूर नेऊन टाकतो. त्यामुळे जेमतेम पाच सेंटिमीटरच्या त्या भोकापाशी ढीग नसतो आणि माळ्याला ते सापडत नाही. आतलं भुयार मात्र 6 ते 9 मीटर लांब असू शकतं, धान्याच्या कोठारांसकट.

या हावरेपणाला कारण आहे. हिवाळ्यासाठी तो अंगावर फारशी चरबी चढवत नाही. काही दिवस थंडगार पडून राहतो, मग उठतो, साठ्यातलं खातो, पुन्हा निजतो. कोठार रिकामं झालं तर वसंत दिसत नाही.

म्हणून तो कंद उकरतो, पेरलेलं बी वेचतो, स्ट्रॉबेरी पळवतो, टोमॅटोला दात लावतो. चीड येणं साहजिक आहे. पण विष घालू नये. ते खाल्लेला चिपमंक शिकारी पक्ष्याच्या किंवा कोल्ह्याच्या पोटात जातो. शिवाय विसरलेल्या बिया आणि झाडांच्या मुळांना उपयोगी बुरशीचे बीजाणू रानभर पसरवण्याचं मोठं काम हाच जीव करतो.

कंदांवर बारीक छिद्रांची लोखंडी जाळी अंथरून वर माती लोटावी. पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं घरापासून लांब टांगावं, खाली सांडलेलं रोज झाडावं. डॅफोडिलला जाळीचीही गरज नाही: त्याचे कंद विषारी असतात आणि चिपमंक त्यांच्या वाटेला जात नाही.