जागा पालिकेची, शेड आपले : हँगरच्या व्यवहारातून घ्यावयाचा धडा

नाशिककरांना हँगर, म्हणजे विमान ठेवण्याचे अवाढव्य शेड, नवे नाही. ओझरला 1964 साली मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून ती आपल्या जिल्ह्यात आहेत. मात्र ओझरचा विमानतळ महापालिकेचा नसून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा आहे. अमेरिकेत अनेक लहान विमानतळ नगरपालिकाच चालवतात आणि आपल्याकडे गाळे द्यावेत तशी हँगर भाड्याने देतात.

तेथे दोन पद्धती आहेत. पहिलीत शेड पालिकेचे. भाडेकरू दरमहा भाडे भरतो. दुसरीत पालिका फक्त जमीन वीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने देते आणि शेड भाडेकरू स्वखर्चाने बांधतो. खरी मेख येथेच आहे. मुदत संपताच शेड पालिकेचे होईल, असे कलम अशा अनेक करारांत असते. पट्ट्याची पाच वर्षे उरली असताना जो ते शेड विकत घेतो, तो खरे तर पाच वर्षांचा वापरच विकत घेतो. शिवाय केंद्राचे अनुदान घेतलेल्या विमानतळावरील हँगर विमानाच्या कामासाठीच वापरावे लागते. तेथे फर्निचरचे गोदाम चालत नाही.

आपल्या बांधवांचे व्यवहार याहून वेगळे नाहीत. सातपूर-अंबडला एमआयडीसीचे भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्याने मिळतात. वक्फच्या जागेचा पट्टा 30 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. पालिकेच्या गाळ्यांना तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागूच नाही. सरकारी व स्थानिक संस्थांच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. ‘वीस वर्षे बसलो आहोत, कोण उठवणार?’ हा भरवसा म्हणूनच पोकळ ठरतो.

ओझरला एअरबस विमानांच्या देखभालीसाठी 2023 साली करार झाला आणि 2025 साली तेजस विमानांची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. त्या परिसरात वेल्डर, फॅब्रिकेटर, पत्राकाम करणारे यांना जागा लागेल. दुसऱ्याच्या जमिनीवर शेड उभे राहतील. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो.

एक, मुदत संपल्यावर शेड कोणाचे, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. करार गप्प असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे भाडेकरू ताबा सोडण्यापूर्वी आपले बांधकाम काढून नेऊ शकतो. पण विरुद्ध कलमावर सही केली की तो हक्क गेला. दोन, शक्य तेथे नटबोल्टचे शेड उभारा. ते सोडवून नेता येते. तीन, एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. चार, भाडेवाढ कधी व किती, पोटभाडेकरू ठेवता येईल का, हे आधीच ठरवा.

कुरआनातील सर्वांत लांब आयत (अल्-बकरा, 282) मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी आणि साक्षीदार यांविषयी आहे. तरीही आपल्या बाजारपेठांत लाखोंचा माल तोंडी शब्दावर परक्या छपराखाली ठेवला जातो. शब्द पाळणारा मालक आज आहे. उद्या त्याचे वारस असतील किंवा पालिकेत नवा अधिकारी असेल. तेव्हा शब्द नव्हे, कागदच उपयोगी पडेल.