क्षय, खासगी डॉक्टर आणि बुडालेली मजुरी
पाचगणीची हवा क्षयरोग्यांना मानवते अशी समजूत होती, म्हणून डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली इथं सॅनेटोरियम काढलं. पुढे रेडक्रॉसकडे गेलेलं बेल एअर ते हेच. आज क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तरी खोकला हटेना की आपण आधी खासगी डॉक्टर गाठतो. का? संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तोच भेटतो. सरकारी ओपीडी मुख्यतः सकाळची, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. तीसुद्धा फीच की! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे नाहीत, पण बुडालेली मजुरी कोण देणार?

अडचण पुढे येते. क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. पैसे संपले की गोळ्या सुटतात, आणि अर्धवट सोडल्या तर पुढे त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात.

मात्र २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवावा लागतो. तशी नोंद झाली की डॉक्टर न बदलता सरकारी औषधं मिळू शकतात. शिवाय पोषणासाठी महिना १,००० रुपये बँक खात्यात. तेव्हा निदान झालं की आपण डॉक्टरांना सरळ विचारायचं, 'निक्षयवर माझी नोंद केलीत का?'