विश्लेषण : मुरलेल्या गिटारवादकालाही ‘जिप्सी जॅझ’ नव्याने का शिकावे लागते?

रॉक किंवा ब्लूज सफाईने वाजवणारा गिटारवादक ‘मायनर स्विंग’ वाजवायला घेतो. कॉर्ड सापडतात, पण वेग वाढला की हात अडखळतो आणि आवाज पातळ येतो. अडचण बहुतेकदा डाव्या हातात नसते, उजव्या हातात असते. ती कशी, हे समजून घेऊ.

जिप्सी जॅझ म्हणजे काय?

१९१० मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेला, मानूश रोमा समाजातील जँगो राइनहार्ट हा या शैलीचा जनक. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीसोबत त्याचा वाद्यवृंद उभा राहिला. तीन गिटार, व्हायोलिन आणि डबल बास, ड्रम नाहीतच. फ्रान्समध्ये या शैलीला ‘जॅझ मानूश’ म्हणतात. ‘जिप्सी’ हा शब्द अनेक रोमा लोकांना अवमानकारक वाटतो.

दोन बोटांनीच वाजवायचे का?

नाही. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली. त्यामुळे तो सोलो मुख्यतः दोन बोटांनी वाजवत असे. आजचे बहुतेक वादक सगळी बोटे वापरतात.

उजव्या हातात काय बदलते?

रॉकमध्ये तळवा अनेकदा ब्रिजवर टेकवतात आणि पिक आळीपाळीने खाली-वर चालतो. इथे मनगट किंचित वाकलेले आणि तळवा अधांतरी असतो. खाली मारलेला पिक पुढच्या तारेवर जाऊन विसावतो. याला ‘रेस्ट स्ट्रोक’ म्हणतात. तार बदलली की पहिला आघात खालीच. आधीचा आघात खाली असला तरीही. अ‍ॅम्प्लिफायरशिवाय भरदार आवाज मिळतो तो यामुळेच. जुनी सवय आड येते तीही इथेच.

रिदम आधी का?

ड्रमचे काम इथे गिटार करते. या ठेक्याला ‘ला पोम्प’ म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर द्यायचा आणि डाव्या हाताचा दाब लगेच सोडून आवाज तोडायचा. चार जणांच्या मैफलीत प्रत्येकाचा बराच वेळ साथीतच जातो. साथ डळमळली तर उत्तम सोलोही पडतो.

पेंटाटॉनिक स्केल का पुरत नाही?

‘मायनर स्विंग’चा भर ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन या तीन कॉर्डवर आहे. ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये जी शार्प हा स्वर नाही, आणि ई सेव्हनची ओळख तर त्याच स्वरात आहे. म्हणून एकच स्केल सगळीकडे न लावता, कॉर्ड बदलली की तिचे स्वर सुटे करून, म्हणजे अर्पेजिओ, वाजवावे लागतात.

सुरुवात कशी करावी?

- महागडी सेल्मर घडणीची गिटार लगेच नको. स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक गिटार आणि जाड, न वाकणारा पिक पुरे.
- मेट्रोनोम संथ ठेवा आणि त्याचे ठोके दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरा.
- आधी फक्त साथ, मग तीन कॉर्डचे अर्पेजिओ, सोलो शेवटी.

सुरुवातीला नेहमीचा वेग कमी होणार, हे गृहीत धरा. बोटांची तयारी आणि कानाची समज वाया जात नाही. नव्याने घडवायचा असतो तो उजवा हात.